सतरा नग

“सतरा कुठून आणलेस?”

ताईने दारातच विचारलं. बसणं नाही, पाणी मागणं नाही, खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि फटकळ अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा अशा अवतारात दार उघडून उभा होता.

“काय सतरा?”

“वेड पांघरू नकोस. डायलिसिसची मशिनं. तळघरात सतरा मशिनं, असं बोललास ना तुझ्या त्या कार्यक्रमात? कोणी सांगितलं तुला?”

“कोणी कशाला सांगायला हवं? बनवलं मी.”

“बनवलंस?”

“अगं, धंदाच आहे माझा तो. ये आत, चहा टाकतो.”

ताई आत आली, पण चहा नको म्हणाली. हे ऐकल्यावर मात्र फटकळने वस्तरा खाली ठेवला. चहाला नाही म्हणणारी ताई त्याने एकोणपन्नास वर्षांत पाहिली नव्हती.

फटकळ हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाचवीच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात शेरा मारला, ‘मुलगा हुशार पण फटकळ.’ हुशार कधी गळून पडलं ते कळलं नाही, फटकळ राहिलं. पुढे तेच पोस्टरवर गेलं. पोस्टरवर जाण्याआधी तो बस स्थानकावर घोषणा करायचा. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, साहेब खूश. मग एके दिवशी त्याने जाहीर केलं, ‘सव्वादहाची गाडी सव्वादहाला येत आहे. चमत्कार पाहायचा असेल त्यांनी फलाट क्रमांक तीनवर यावे.’ प्रवासी हसून लोटपोट झाले आणि ह्याची नोकरी गेली. त्याला दुःख झालं का? छे! दोनशे माणसं एका वाक्यात हसतात हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि एकदा हे कळल्यावर माणूस दुसऱ्या कामाचा राहत नाही.

गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी चार वाजता, एका कॅफेच्या माडीवर, साठ खुर्च्यांसमोर तो माइक धरून उभा राहायचा. महापौर, मंत्री, देव, डॉक्टर, स्वतःचं पोट, कोणाला म्हणून सोडायचा नाही. “मला विचारतात, तुम्ही कोणालाच कसं सोडत नाही?” तो म्हणायचा. “अहो, सोडलं तर त्याला वाईट वाटेल! उद्या तो म्हणेल, मी काय हसण्याइतकाही मोठा नाही?” आणि मग आवाज खाली आणून, “देवाला, डॉक्टरला आणि बायकोला हसू नये म्हणतात. मी तिघांनाही हसून बघितलं. देव काही बोलला नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. बायको गेली.”

माफी मागा म्हणून लोक येऊन गेले होते. निवृत्त शिक्षकांचं मंडळ, केस कापणाऱ्यांची संघटना, एकदा तर एक पोहण्याचा क्लब. पण माफी नाही म्हणजे नाही. “मी तुम्हाला कान धरून आणलेलं नाही,” तो सांगे. “हसायचं नसेल तर ते दार आहे, जा खुशाल. पण जाताना माझं तोंड बरोबर नेऊ नका.”

तर त्या यंत्रांचं असं झालं. फटकळचा माइक लावणारा माणूस, त्याचा शाळेपासूनचा मित्र, त्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. गावातल्या मोठ्या रुग्णालयात तीन यंत्रं आणि बाकावर ही गर्दी. म्हणून बिचारा आठवड्यातून तीनदा बसने परगावी जायचा आणि येताना खिडकीला डोकं टेकून, पिळून काढल्यासारखा परत यायचा. मागच्या वर्षी रुग्णालयात नवी यंत्रं आल्याची बातमी वाजतगाजत छापून आली. फीत, कात्री, फोटो; आकडा तेवढा नव्हता. पुढे काहीच नाही. हे सगळं फटकळच्या डोक्यात शिजत होतं, आणि मागच्या रविवारी ते बाहेर पडलं.

“यंत्रं आली,” तो म्हणाला होता. “फीत कापली, फोटो काढला आणि यंत्रं गेली तळघरात. सतरा यंत्रं! खोक्यात, ओळीनं उभी. वर माणसांची रांग, खाली यंत्रांची रांग. दोघांची एकमेकांशी भेट घालायची तर मध्ये अधीक्षकसाहेब बसलेत. ते वर येऊन माणसांना सांगतात, पुढच्या आठवड्यात या. मग खाली जाऊन यंत्रांना सांगतात, पुढच्या आठवड्यात या!”

साठ खुर्च्या हसून वाकड्या झाल्या. माइकवाला तर कोपऱ्यात पोट धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाहून फटकळला इतका आनंद झाला की पुढचं वाक्यच विसरला. कोणीतरी फोनवर ते सगळं टिपलं आणि बुधवारपर्यंत गावात असा फोन उरला नाही ज्यात ते वाजलं नाही.

“हे बघ ताई,” साबण पुसत फटकळ आता समजावू लागला. “स्टेजवर गोल आकडा चालत नाही. दहा म्हटलं की लोकांना वाटतं, भाषण आहे. वीस म्हटलं की वाटतं, थाप आहे. सतरा म्हटलं की वाटतं, कोणीतरी वाकून, एकेकाला बोट लावून मोजलंय. पंधरा जिभेवर बसत नाही, एकोणीस म्हणता म्हणता हशा निघून जातो. म्हणून सतरा. एवढंच.”

“आणि तळघर?”

“नको असलेली वस्तू माळ्यावर जाते नाहीतर तळघरात. हॉस्पिटलला माळा नाही.”

ताई खुर्चीत बसली. एकतीस वर्षं ती त्याच रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये होती, आता तिथली मुख्य कारकून. कापसाच्या गुंडाळीपासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जे काही आत आलं ते तिच्या अक्षरात रजिस्टरला लागलेलं.

“सतराच आहेत,” ती म्हणाली.

फटकळ हसला. त्याला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा ताईने विनोद केला. मग तिने पिशवीतून कागद काढून त्याच्यासमोर धरला. कारणे दाखवा नोटीस. साठ्याचा नेमका आकडा बाहेरच्या माणसाला कसा कळला, सदर इसम आपला सख्खा भाऊ आहे हे खरे काय, शुक्रवारी अकरा वाजता चौकशी समितीसमोर हजर राहावे.

“आयला!” फटकळच्या तोंडून निघालं. “म्हणजे मी थाप मारली आणि ती खरी निघाली?”

“हसू नकोस, बाळ. माझ्या पायाखालची जमीन सरकलीय.”

“हसत नाहीये मी. कधीपासून पडलीत?”

“चौदा महिने.”

“चौदा! आणि जोडत का नाहीत?”

“जोडणी कोणी करायची त्याचा कागद वर गेलाय. तो खाली आला की पाण्याच्या लाइनचा वर जाणार.”

“आणि हे तुला ठाऊक होतं.” आता फटकळचा आवाज चढला. “माझा माइकवाला आठवड्यातून तीनदा मरत मरत परगावी जातो. लहानपणी आपल्या घरी जेवलाय तो, तुझ्या हातचं. आणि तू रोज त्या तळघरावर बसून होतीस?”

“दर एक तारखेला खाली जाऊन मोजते मी. सतरा नग, न उघडलेले. लिहिते. सही करते.”

“सही करतेस! आणि तोंड? तोंड नाही तुला?”

“घरातलं सगळं तोंड तुझ्या वाटणीला गेलं ना!” ताई उसळून म्हणाली. “मला काय उरलं? त्या बस स्टँडवर मोठा तीर मारून घरी बसलास तेव्हा घर कोणी चालवलं? आईचं औषधपाणी कोणी केलं? मी गप्प बसत होते म्हणून चाललं ते. दोघंही बोलणारे निघालो असतो तर आई उपाशी मेली असती.”

फटकळला लाज वाटली. एरवी लाज वाटली की तो जास्तच बोलायचा, पण त्या सकाळी तेही जमलं नाही. त्याने चहाचं आधण ठेवलं आणि या वेळी ताईने चहा घेतला.

“मोठे डॉक्टर म्हणालेत,” कप खाली ठेवत ती म्हणाली. मोठे डॉक्टर म्हणजे अधीक्षक. “भावाने दोन ओळींचं पत्र दिलं, की आकडा मनाने बनवला म्हणून, तर विषय तिथंच मिटवू. निवृत्तीला माझे दहा महिने राहिलेत रे. सही कर. एकदा माझ्यासाठी कर.”

“माफी मागायची?”

“माफी नाही. बनवलं, एवढंच लिहायचं.”

“मग बनवलंच आहे मी! खऱ्यावर सही करायला माझं काय जातं?” तो म्हणाला, आणि ताईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना पाहून त्याला बरं वाटलं.

तरी मनाला खुटखुट लागली ती लागलीच. दुपारी तो कॅफेच्या माडीवर गेला. माइकवाला कोपरावर वायर गुंडाळत बसला होता. फटकळने त्याला सगळं सांगून टाकलं. वायर गुंडाळणारा हात थांबला.

“खरंच सतरा?”

“खरंच.”

“मग त्या दिवशी मी एवढा हसलो, ते काय करू आता? परत घेऊ?” माइकवाल्याने विचारलं. मग वायर पुन्हा गुंडाळत तो म्हणाला, “सही कर तू. ताईंना घरी बसवून मला मशीन नको.”

“लोक म्हणतील, फटकळ वाकला.”

“म्हणू देत की. लोकांना बोलायला बंदी आहे काय? तूच सांगतोस ना दर रविवारी?”

फटकळने त्याला एक सणसणीत शिवी दिली. मित्राकडून आपलंच बोलणं ऐकून घेणं फार जड जातं.

शुक्रवारी अकराला अधीक्षकांच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला मोठे डॉक्टर, त्यांच्या दोन्ही हातांना समितीचे दोन सभासद. त्या दोघांनी शेवटपर्यंत बिस्किटांखेरीज कशाला तोंड उघडलं नाही. समोर ताई, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, पिशवी मांडीवर. शेजारी फटकळ.

“या, या,” मोठे डॉक्टर म्हणाले. “पाहिला बरं का तुमचा कार्यक्रम. मला स्वतःला विनोद फार आवडतो.”

“सुई टोचायच्या आधीही तुम्ही असंच गोड बोलता, डॉक्टर.”

ताईने टेबलाखालून त्याला पाय मारला. मोठे डॉक्टर हसले. कसलेला माणूस होता.

“बोला, बोला. बोलायला कोणाचीच हरकत नाही. फक्त बोलण्याने संस्थेची अब्रू जाते, याचं भान हवं. आता मुद्द्यावर येऊ. हा आकडा तुम्हाला बाईंनी सांगितला?”

“नाही. मी बनवला. सतरा म्हटलं की हशा येतो म्हणून.”

“म्हणजे योगायोग?”

“अगदी. मलाही अजून पटलेलं नाही.”

“ठीक आहे. आमचाही कोणावर राग नाही. बाईंची एकतीस वर्षांची स्वच्छ नोकरी आहे. तुम्ही इथं सही करा, नोटीस मी आत्ता फाडतो.” त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला आणि त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

फटकळने पेन उचललं. मनात म्हणाला, चल बाबा, ताईपेक्षा तू काही मोठा नाहीस. तो सही करणार इतक्यात ताईचा हात मध्ये आला.

“थांब. वाचलास का?”

“दोनच ओळी आहेत.”

“दोन असल्या म्हणून काय झालं?”

एकतीस वर्षांत ताईने न वाचलेल्या कागदावर कोणाला सही करू दिली नव्हती. औषधांच्या गाड्या दाराशी ताटकळत ठेवून ती चलन ओळीओळीवर बोट ठेवून वाचायची. गाडीवाले मागून दात ओठ खायचे. तसाच तिने हाही कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागली. सवयीने मोठ्यानेच.

“‘मी सांगितलेला आकडा निव्वळ काल्पनिक आहे.’ बरोबर. ‘रुग्णालयात अशी कोणतीही यंत्रे पडून नाहीत, याची मी खात्री करून घेतली आहे.’”

ताईचं बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं.

“हे चूक आहे,” ती म्हणाली.

“बाई, त्यांना सही करू द्या,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“पण साहेब, रजिस्टरला सतरा आहेत. पान एकशे बारा. माझ्या अक्षरात.”

“रजिस्टर आपल्या घरातलं. हा कागद बाहेर दाखवायचा.”

“म्हणजे ह्यानं मशिनं नाहीत म्हणून लिहून द्यायचं, आणि मी एक तारखेला खाली जाऊन काय मोजायचं?”

“ताई, जाऊ दे ना,” फटकळ कुजबुजला. “दे इकडे. तुझ्यासाठी हेही करतो.”

तो मनापासून बोलत होता. त्या घटकेला त्याने सूर्य पश्चिमेला उगवतो यावरही सही केली असती. पण ताई त्याच्याकडे पाहतच नव्हती. चष्मा काढून तिने काचा पदराला पुसल्या, परत लावला आणि कागद उलटा करून ठेवला.

“तो खोटं बोलतोय, साहेब,” ती म्हणाली. “आकडा मीच सांगितला त्याला.”

एका सभासदाचं बिस्किट चहात बुडून गेलं.

“ताई!” फटकळ ओरडला. “साहेब, हिचं काही ऐकू नका. आईशप्पथ सांगतो, मी बनवलं. मला कोणी काही सांगितलं नाही. अहो, खरं बोलतोय मी!”

“ह्याला काय कळतंय आकड्यातलं?” ताई शांतपणे म्हणाली. “सतराचा पाढा येत नाही अजून. मी सांगितलं, मशिनं किती, कुठे, कधीपासून. माझा लेखी जबाब घ्या.”

“बाई, विचार करा. दहा महिने राहिलेत तुमचे.”

“झाला करून. चौदा महिने तेच करतेय.”

फटकळने टेबलावर हात आपटले, शपथा घेतल्या, हशाचं सगळं गणित पुन्हा समजावून सांगितलं. अकरा वर्षं तो थापा मारत आला आणि लोक त्याला खरं बोलणारा म्हणत आले. आज तो खरं बोलत होता तर समोरचे तिघंही मान हलवत होते, बहिणीला वाचवतोय बिचारा. आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या ताईचं मात्र सगळ्यांनी पहिल्या फटक्यात खरं मानलं. तिने अर्धं पान जबाब लिहिला. वळणदार अक्षर, समास सोडलेला, खाली तारीख आणि वेळ. चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित, असं मोठ्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. “लेखी पाठवा,” ताई म्हणाली आणि उठली.

जिन्यात फटकळने तिला गाठलं. तो संतापला होता.

“खोटं का बोललीस? कशासाठी? मी करत होतो ना सही!”

“खोटं कुठे?” ताई कठडा धरून थांबली. “सांगायला हवंच होतं मी. तुला म्हण, कोणालाही म्हण. चौदा महिन्यांपूर्वी सांगायचं ते आज सांगितलं. तारखेचा तेवढा घोळ आहे, बाकी सगळं खरं आहे.”

“घरी बसवतील तुला.”

“बसेन. तू आणतोस ना कमवून? तुझे ते साठ खुर्चीवाले पोसतील आपल्याला.” ती हसली. नंतर तिचे डोळे भरले आणि तिने ते उलट्या हाताने पुसले. “भीती वाटतेय रे मला. पण हलकंही वाटतंय.”

खालच्या मजल्यावर डायलिसिस विभागाबाहेरचे बाक गच्च भरले होते. तीस-पस्तीस माणसं; कोणी भिंतीला टेकून, कोणी जमिनीवरच. ताईच्या छातीवर अजून रुग्णालयाचा बिल्ला होता. तो पाहून हाताला पट्टी बांधलेल्या एका म्हातारीने तिला हाक मारली.

“बाई, आमचा नंबर कधी लागणार हो? सकाळपासून बसलेय.”

ताई थबकली. मग पिशवी तिने फटकळच्या हातात दिली, म्हातारीला थोडं सरकायला सांगितलं आणि तिच्या शेजारी बाकावर टेकली.

“आजी, खाली तळघरात सतरा नवी मशिनं आहेत,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, कारकुनी खिडकीतून बोलायचा. “चौदा महिने झाले. एकही खोका उघडलेला नाही. मी मोजली आहेत.”

म्हातारीने शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने मान वर केली. फटकळची जीभ वळवळली; हे असं नाही बोलायचं ताई, आधी जरा थांबायचं, मग आकडा, असं त्याच्या ओठांवर आलं. पण त्याने फक्त पिशवी छातीशी धरली.

जिन्याजवळच्या भिंतीपासून कोणीतरी म्हणालं, “ओ बाई, जरा मोठ्यानं बोला. इकडे मागे ऐकू येत नाहीये.”

ताई उठून उभी राहिली.